कोड बरोबर होता, दुनिया बदलली होती

अर्धविराम (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअरवाला. सगळी नोकरी बॅकएंडला गेली, म्हणजे लोकांना जे दिसत नाही ते. लोकांना वाटतं प्रोग्रॅमर फार लॉजिकल विचार करतात. मला विचाराल तर लॉजिक हा या कामातला सोपा भाग आहे, मशीन ते तुमच्याकडून करवूनच घेतं, चुकलात की कंपाइलर (कोड मशीनला समजेल असा करणारा प्रोग्रॅम) तोंडावर सांगतो. अवघड काय असेल तर आपण काय धरून चाललोय हे आपल्याला दिसणं. ते कंपाइलरला दिसत नाही, टेस्टला दिसत नाही कारण टेस्टही आपणच लिहिलेली, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही दिसत नाही कारण बहुतेक वेळा तोही तेच धरून चाललेला असतो.

उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल तेच घेतो. ४ जून १९९६, एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, चाळीसेक सेकंदांत आकाशात तुकडे. रॉकेट कुठल्या दिशेनं चाललंय हे सांगणाऱ्या यंत्रणेत एक ६४ बिटचा फ्लोटिंग पॉइंट (दशांशवाला) आकडा १६ बिटच्या इंटीजरमध्ये (पूर्णांकात) बसवला जात होता, १६ बिटमध्ये ३२,७६७ च्या वर मावत नाही, आकडा त्याच्या पुढे गेला आणि यंत्रणाच बंद पडली. बॅकअप होती की! पण बॅकअपमध्ये तोच कोड, त्यामुळे ती त्याच कारणानं क्षणभर आधीच गेलेली. आता बघा, हा कोड एरियान ४ मधून उचललेला होता आणि तिथे तो नीट चालला होता, कारण त्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीला एवढा वाढतच नसे. आणि ज्या भागात हे झालं त्याचं एरियान ५ ला उड्डाणानंतर काही कामच नव्हतं, जुन्या रॉकेटच्या एका गरजेपोटी तो भाग काही सेकंद चालू ठेवलेला असायचा, तो तसाच राहून गेला.

दुसरं, २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातल्या धहरानमधली, येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी पॅट्रियट यंत्रणा. तिचं घड्याळ ०.१ सेकंदाच्या हिशोबात चालायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, २४ बिटमध्ये कुठेतरी कापावा लागतो. फरक इतका बारीक की काही तास चालवलं तर कोणाला कळणारही नाही, आणि यंत्रणा बनवताना धरलेलं तेच होतं, ही फिरती यंत्रणा आहे, थोडे तास चालेल, मग बंद करून हलवतील. तिथे ती सलग १०० तास चालू होती. वेळेत ०.३४ सेकंदांचा फरक पडला, येणारं स्कड क्षेपणास्त्र भलत्याच जागी शोधलं गेलं, २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

दोन्हीकडे कोड लिहिणारा काही बावळट नव्हता. लिहिला तेव्हा त्या कामासाठी तो चालण्यासारखा होता. म्हणजे सॉफ्टवेअर गंजत नाही पण ते ज्यावर उभं आहे ते सरकतं.

आता हे सगळं का सांगतोय, तर हल्ली मला स्वतःच्या आणि आजूबाजूच्यांच्या बोलण्यात अशीच जुनी गृहीतकं दिसायला लागलीत. "मला सकाळी काम सुधरत नाही." हे कधी ठरलं? कॉलेजात रात्र रात्र जागायचो तेव्हा. त्यानंतर झोप बदलली, काम बदललं, वाक्य तेच. "त्याला गर्दी आवडत नाही, त्याला नको बोलवायला." त्याला शेवटचं विचारलं कधी? आपल्या ओळखीची माणसं आपल्या डोक्यात कॅश (पटकन मिळावी म्हणून काढलेली कॉपी) करून ठेवलेली असतात, मूळ माणूस पुढे निघून गेलेला असतो आणि आपण जुन्या कॉपीशी बोलत असतो. फिल कार्लटनच्या नावावर एक वाक्य सांगतात की कॉम्प्युटर सायन्समध्ये अवघड गोष्टी दोनच, कॅश कधी फेकायची ते ठरवणं आणि नावं ठेवणं. (नावं ठेवणं आपल्याला फारसं अवघड जात नाही ते सोडा.)

तर प्रश्न असा की तुम्ही लोक काय करता? कामात आणि कामाबाहेर, आपण काय धरून चाललोय हे बघायची काही सवय आहे का कोणाला, की फुटल्यावरच कळतं?

निवांत_बसलो

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येऊन लिहितो.

तिरकस_रेघ

लेख आवडला पण मुद्दा पटला नाही.

"गृहीतकं तपासा" हा सल्ला "नीट गाडी चालवा" इतकाच उपयोगी आहे. कुठल्याही फंक्शनमध्ये शेकड्यानं गृहीतकं असतात, मेमरी आहे, घड्याळ पुढेच जातं, युजरचं नाव रिकामं नाही, डिस्कवर लिहिलं म्हणजे लिहिलं गेलं. सगळी तपासत बसलात तर काम कधी करणार? अपघात झाल्यावर त्यातलं एक उचलून "हे बघा हे चुकलं" म्हणणं सोपं आहे, पश्चातबुद्धीला काय जातंय.

आणि एरियानचं अर्धंच सांगितलंत. त्या लोकांनी विचार केला होता! असे ओव्हरफ्लो होऊ शकतील (म्हणजे जागेत मावणार नाहीत) असे ७ आकडे त्यांनी शोधले होते, त्यातल्या ४ ना संरक्षण दिलं, ३ ना दिलं नाही, कारण प्रोसेसरवरचा भार ८०% च्या आत ठेवायचा होता आणि ते ३ मर्यादेबाहेर जाणार नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे गृहीतक दिसलं होतं, तपासलं होतं, आणि त्या वेळच्या हिशोबात सोडून दिलं होतं. मग तुमच्या सवयीनं नक्की काय वाचलं असतं?

अर्धविराम

@तिरकस_रेघ, हा मुद्दा जबरी आहे आणि यावर नुसतं "सहमत" म्हणून सुटता येणार नाही.

बरोबर आहे, सगळी तपासता येत नाहीत. पण ही उदाहरणं परत बघा. एरियान ४ चा कोड ५ वर गेला. थोड्या तासांची यंत्रणा १०० तास चालली. गृहीतक आपोआप कुजलं असं कुठेच नाही, प्रत्येक वेळी जागा बदलली. त्या ३ आकड्यांना सोडायचा निर्णय एरियान ४ साठी बरोबर होता, पण तो रॉकेटबरोबर पुढे गेला तेव्हा त्याच्यामागचं "का" बरोबर गेलं नाही. चौकशी समितीच्या अहवालातही हेच आहे की सोडण्यामागचं कारण थेट कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं, आणि एरियान ५ चा उड्डाणमार्ग घालून ती यंत्रणा तपासलीच गेली नव्हती.

म्हणजे सवय एवढीच, रोज उठून सगळ्यावर शंका घ्यायची नाही पण काहीतरी एका ठिकाणून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवताना थांबायचं. मग ते लायब्ररीचं व्हर्जन असो की माणूस. चांगल्या डेव्हलपरला मॅनेजर करतात आणि तो टीमच्या प्रत्येक ओळीचा कोड स्वतः वाचायला लागतो कारण आधी त्यानंच त्याचं भलं झालेलं असतं. तिथे थांबायला हवं. रोज नाही.

रात्रपाळी

मी तुमच्या फील्डमधली नाही, नर्स आहे, पण घरात एक प्रोग्रॅमर पाळलेला आहे त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजते.

आधी तुमचा मुद्दा. हा प्रकार हॉस्पिटलमध्ये रोज बघते. पेशंट आयसीयूत असताना पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ नये म्हणून ॲसिड कमी करणारी गोळी सुरू करतात, तिथे ती बऱ्याचदा लागतेच. मग पेशंट वॉर्डात येतो, गोळी चालू. डिस्चार्ज होतो, कागदावर गोळी चालू. पुढचा डॉक्टर बघतो, वाटतं आधीच्यानं काही विचार करूनच दिली असेल, चालू. वर्षानं पेशंटला विचारा गोळी कशासाठी, तो म्हणणार "पहिल्यापासून आहे". कोणाचाच हलगर्जीपणा नाही, फक्त सुरू करताना "हे थांबल्यावर ही थांबवा" असं लिहिलेलं नाही. म्हणून आम्ही शिफ्ट बदलताना नुसतं काय चालू आहे ते सांगत नाही, कशासाठी आणि कधीपर्यंत हे विचारतो. निदान विचारायला हवं, दमलेल्या रात्री प्रत्येक जण विचारतोच असं नाही.

आता तक्रार. तुम्ही लोक घरी येऊन पण हेच करता. मी म्हटलं "आज फार डोकं उठलं" की समोरून प्रश्न, "एक्झॅक्टली कधीपासून? त्याआधी काय बदललं होतं?" अहो, मला बग फाईल करायचा नाहीये! ऐकून घ्या आधी. माणूस सांगतो तेव्हा दर वेळी त्याला मूळ कारण शोधून हवं असतं हे पण एक गृहीतकच आहे ना तुमचं, ते कधी तपासणार?

तिरकस_रेघ

हाहा, धाग्याचा निकाल लागला. अर्धविराम, घ्या.

अर्धविराम

घेतलं. याच्यावर बचाव नाही.

गोळीचं उदाहरण माझ्या दोन्ही उदाहरणांपेक्षा भारी आहे. यात काही फुटतच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं चालू शकतं.

निवांत_बसलो

आलो. मी वायटूकेच्या (२००० साल उजाडताना तारखा चुकतील ही भीती) काळातला माणूस, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत केस पांढरे केले. तेव्हा वर्षाला दोनच आकडे ठेवायचे, ६७, ७२ असे, कारण मेमरी आणि स्टोरेज दोन्ही महाग. आणि असं करणाऱ्यांना १९०० आणि २००० मधला फरक कळत नव्हता असं नाही हो, त्यांनी धरलं होतं की हा प्रोग्रॅम काही एवढी वर्षं टिकणार नाही, त्याआधी कोणीतरी नवीन लिहील. गृहीतक तारखेबद्दलचं नव्हतंच, आपलं काम किती जगेल याबद्दलचं होतं. टाकाऊ म्हणून लिहिलेलं सगळ्यात जास्त टिकतं असं माझं मत झालंय, कारण चांगलं लिहिलेलं बदलायला सोपं म्हणून लोक बदलतात, घाणेरड्याला कोणी हात लावत नाही.

आणि नंतर लोक म्हणाले बघा काहीच झालं नाही, सगळा बागुलबुवा होता. काही झालं नाही कारण आधी कित्येक माणसं बसून तारखा शोधत होती! टाळलेलं संकट दिसत नाही, त्याचं कौतुकही होत नाही आणि त्यातून कोणी शिकतही नाही. पुढची तारीख ठरलेली आहे, १९ जानेवारी २०३८, यूटीसीप्रमाणे ०३:१४:०७. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेला ३२ बिटचा आकडा तिथे भरतो आणि पुढच्या सेकंदाला थेट १९०१ च्या डिसेंबरमध्ये जाऊन पडतो. लॅपटॉप आणि फोनचं बरंचसं ६४ बिटवर गेलंय, मला काळजी आत छोटा कॉम्प्युटर असलेल्या, भिंतीत बसवून विसरलेल्या डब्यांची आहे.

अजून एक, हे वाचून तरुणांनी घाबरावं म्हणून सांगतो. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची कंपनी. ८ सर्व्हरवर नवीन कोड टाकायचा होता, ७ वर गेला, एकावर राहिला. नव्या कोडनं एक जुना फ्लॅग (काय चालू करायचं ते सांगणारी खूण) परत वापरला होता, आणि त्या आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगचा जुना अर्थ अजून जिवंत होता, २००३ पासून न वापरलेला कोड तिथे पडून होता. बाजार उघडल्यावर तो जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला, ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास खड्डा. पण मला यातला खरा धडकी भरवणारा भाग पुढचा वाटतो. गडबडीत लोकांनी काय केलं? नवीन कोड टाकलाय तर नवीन कोडच चुकीचा, म्हणून तो बरोबर असलेल्या ७ सर्व्हरवरून काढला. आता आठही सर्व्हर जुनं तेच करायला लागले. घाबरलेल्या माणसाचं पहिलं गृहीतक नेहमी "नुकतं बदललं ते चुकलं" असं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं, तीच तर अडचण आहे.

आज्ञावली

सगळे जुन्या कोडबद्दल बोलताय, मी नव्याबद्दल बोलते. आता एआय कडून कोड लिहून घेतला की गृहीतक कोणाचं? आधी निदान माणूस होता, सोडून गेला तरी फोन करून विचारता यायचं "बाबा रे हे असं का केलंस". आता "का" हे लिहिताना कोणाच्याच डोक्यात नसतं. विचारलं तर एआय कारण देतो, छान वाटेल असं देतो, पण ते नंतर रचलेलं असतं.

मी वापरत नाही असं नाही हां, रोज वापरते, कंटाळवाणं काम पटकन उरकतं. पण "पटकन" या वाटण्यावर पण आता माझा विश्वास राहिला नाही. एमईटीआर नावाच्या संस्थेनं २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, १६ अनुभवी ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टवरचे) डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या प्रोजेक्टमधली खरी कामं, काही एआय घेऊन आणि काही एआयशिवाय. सुरुवातीला त्यांना वाटत होतं वेळ २४% वाचेल. झाल्यावर म्हणाले २०% वाचला. मोजला तर १९% जास्त लागला होता! माणसं थोडी आहेत, साधनंही तेव्हाची, त्यामुळे यावरून एआय निरुपयोगी असं कोणी म्हणू नका, प्लीज. मला त्यातलं वाटणं आणि घड्याळ यातलं अंतर इंटरेस्टिंग वाटतं. काम करून झाल्यावरसुद्धा त्यांना कळलं नाही.

तिरकस_रेघ

@आज्ञावली, हेच म्हणतो. गृहीतक डोक्यात बसून तपासता येत नाही, मोजावं लागतं. स्वतःला विचारलं तर स्वतः सोयीचंच उत्तर देणार.

अवांतर: ज्यांना आपण काहीच धरून चालत नाही असा माज आहे त्यांनी तारीख-वेळेचा कोड लिहावा. मिनिटाला ६० सेकंद? १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद जास्तीचा घातलाय, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. प्रत्येक महिन्यात ३० तारीख येते, फेब्रुवारी सोडून? सामोआत २०११ चा ३० डिसेंबर झालाच नाही, तारखेची रेषा ओलांडायची म्हणून २९ नंतर थेट ३१. यावर कोणाची टेस्ट होती ते हात वर करा.

नवशिकी

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक बारका प्रश्न विचारू का, हसू नका. मला जो प्रोजेक्ट मिळालाय त्यात एका ठिकाणी दुसऱ्या सर्व्हिसला कॉल करताना फेल झालं तर ७ वेळा रिट्राय (परत प्रयत्न) करतात. ७ का? टीममध्ये कोणालाच माहीत नाही, सीनियर म्हणाले "आहे ते असू दे, हात लावू नकोस". या धाग्याप्रमाणे हे गोळीसारखंच झालं ना? काढून ३ करू का?

निवांत_बसलो

हसत नाही पोरी, पण लगेच काढूही नकोस. कारण सापडत नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही, हेही गृहीतकच. आधी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद असते तिथे) ती ओळ कोणी कधी टाकली बघ, त्या दिवसाच्या आसपासची बाकीची कमिट्स (नोंदलेले बदल) पण बघ, नुसत्या त्या ओळीवर विश्वास ठेवू नकोस. पुष्कळदा कारण शेजारच्या फाईलीत सापडतं.

खिडकीपाशी

पहिल्यांदाच लिहितोय इथे. सगळे चुकलेल्या गृहीतकांबद्दल बोलतायत म्हणून एक उलटं उदाहरण. मार्च २०२४, आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस, स्वतःच्या कामासाठी वेळा मोजत होता आणि त्याला दिसलं की एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून शिरायची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, प्रोसेसर उगाच खातंय. आपण काय म्हटलं असतं? "असेल काहीतरी, अपडेट आलं असेल." तो मागे लागला आणि एक्सझेड या फाईल आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये) मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावून मग तो घातला होता. २९ मार्चला त्यानं ते जाहीर केलं, तोवर चोरदरवाजा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोठ्या स्थिर व्हर्जनांमध्ये पोचला नव्हता.

यात कुठली चेकलिस्ट नव्हती. त्याला आपल्या मशीनचा नेहमीचा वेग माहीत होता, एवढंच. म्हणजे गृहीतक पक्कं असणं पण कामाला येतं, "हे एवढ्या वेळातच व्हायला पाहिजे" असं ठाम धरलेलं असेल तरच वेगळं काही झालेलं दिसतं. ज्याला कशाचीच अपेक्षा नाही त्याला आश्चर्यही वाटत नाही.

अर्धविराम

@खिडकीपाशी, पहिल्याच प्रतिसादात माझ्या धाग्याला छेद दिलात, वा. मी गृहीतकं फक्त धोका म्हणूनच मांडत होतो. तुमचं वाचून वाटतंय की आकड्यात मांडलेलं गृहीतक आणि नुसतं हवेत असलेलं गृहीतक असा फरक करायला हवा. "लॉगिन साधारण एवढ्यात होतं" हे मोडलं की लगेच कळतं. "मला सकाळी जमत नाही" हे कधी मोडणारच नाही, कारण मी सकाळी काम करून बघणारच नाही.

@रात्रपाळी, घरच्या प्रोग्रॅमरला हा धागा दाखवलात का?

रात्रपाळी

दाखवला. म्हणाला एरियानची माहिती बरोबर आहे.

नवशिकी

बघितलं गिटमध्ये. चार वर्षांपूर्वीचं कमिट, मेसेज फक्त "फिक्स". पण निवांतकाका म्हणाले तसं शेजारी बघितलं तर त्याच दिवशी टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ते) पण कमी केलाय, आणि ज्या सर्व्हिसला कॉल जातो ती तेव्हा दुसरीच होती, नंतर बदलली. म्हणजे जागा बदललीच आहे ना? सीनियरना दाखवलं, ते आता म्हणतायत "बरं, बघू".

तिरकस_रेघ

"बरं, बघू" म्हणजे मोठी प्रगती आहे. आता ७ चे ३ करू नकोस अजून. आधी लॉग (नोंद) टाक, प्रत्येक कॉल कितव्या प्रयत्नाला यशस्वी होतो तेवढाच आकडा. तिसऱ्याच्या पुढे एकही जात नसेल तर तुझं म्हणणं खरं, पाचव्या-सहाव्याला बरेच यशस्वी होत असतील तर तुझ्या सीनियरचं. आणि महिनाअखेरचा लोड येऊन जाऊ दे, मधल्या शांत दिवसांवरून ठरवू नकोस.

नवशिकी

टाकला लॉग, रिव्ह्यूला आहे. महिनाअखेर झाली की आकडे इथेच टाकते.